शिवलेली जखम

जून अर्धा संपला तरी वरच्या डोंगरातून पाणी उतरलं नाही. हिवाळ्यात बर्फच पडलं नव्हतं, तर वितळणार काय. पाटात घोटा बुडेल एवढंच पाणी, तेही आमच्या मातीसारखं लाल, आणि त्यावर अख्ख्या गावाची शेती. मक्याची पानं दुपारी सुरळी करून उभी राहत. लसूणघास वाळून पायाखाली काचेसारखा मोडे. माणसांचे ओठ फुटले होते आणि त्या ओठांतून निघणारं बोलणंही तसंच झालं होतं, जिथं तिथं उललेलं.

कुणाच्या रानात कधी पाणी जायचं ते पाटकरी ठरवायचा. त्या वर्षी पाटकरी होता कासिमिरो विहिल. रुंद हाडाचा, कमी बोलणारा. फावडं खांद्यावर टाकून तो सकाळ-संध्याकाळ पाटाच्या काठाने फिरे आणि पाणी अडवायच्या फळ्या तपासे. स्वतःच्या बायकोच्या मिरचीलाही तो पाळीआधी पाणी देत नसे, आणि हे तो लोकांना वारंवार ऐकवीतही असे.

लिब्राडा मोंतोयाच्या धाकट्या पोराला, देल्फिनोला, याच कासिमिरोने बाप्तिस्म्याच्या दिवशी हातांवर घेतलं होतं. त्या नात्याने पोरगा त्याला पाद्रिनो म्हणे, म्हणजे धर्मबाप; आणि लिब्राडा त्याची कोमाद्रे, म्हणजे मानलेली बहीणच, झाली होती. आमच्याकडे हे नातं रक्ताच्या बरोबरीने चालतं. पाण्याच्या बाबतीत मात्र कुठलंच नातं चालत नाही.

त्या सकाळी गाळ काढायला माणसं पाटात उतरली होती. वरच्या दाराची फळी काढलेली होती आणि पाणी मोंतोयांच्या घासात जात होतं.

"फळी कुणी काढली?" कासिमिरोने विचारलं.

"मी," देल्फिनो म्हणाला. तो काठावर उभा होता, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. "घास जळाला, पाद्रिनो. थोडं भिजवतो आणि लावतो परत."

"आज पाळी खालच्या अंगाची."

"खालच्या अंगाला कुणाचा मका आहे ते माहितीये सगळ्यांना."

गाळ काढणाऱ्यांपैकी कुणीतरी हसलं. हसायला नको होतं.

"फळी लाव."

"तुम्ही लावा. पाटकरी तुम्ही."

कासिमिरोने फावडं फिरवलं. पातं आडवं लागलं म्हणून डोकं शाबूत राहिलं, पण कानशिलावर बसलेला आवाज ओल्या कपड्याच्या आपटीसारखा सगळ्यांनी ऐकला. देल्फिनो पाटात तोंडावर पडला. उठायच्या आत कासिमिरोचा बूट त्याच्या मानेवर आला आणि चेहरा लाल चिखलात दाबला गेला. पोराचे हात दोन्ही बाजूंना चिखल ओरबाडत होते.

"कोण लावणार फळी?"

चिखलातून बुडबुडे आले. कासिमिरोने बूट जरासा सैल केला.

"मी."

"नाही ऐकू आलं."

"मी लावतो."

बूट निघाला. देल्फिनो गुडघ्यांवर रांगत दाराशी गेला आणि दोन्ही हातांनी फळी खाचेत बसवली. त्याच्या उजव्या कानातून रक्त येत होतं आणि फळीवर गळत होतं.

"खालच्या अंगाला आज पाणी कमी अन् रंग जास्त," एक म्हातारा म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही.

घरी लिब्राडाने कोमट पाण्यात फडकं भिजवून कान पुसला. आत रक्ताची गाठ झाली होती.

"कुणी मारलं?"

"पडलो."

थोरला ओनोफ्रे संध्याकाळी मेंढ्यांकडून आला तो सगळं ऐकूनच. टोपीही न काढता दारात उभा राहिला.

"लोक म्हणतात तू रांगत गेलास."

"पाय मानेवर होता त्याचा."

"माझ्या मानेवर असता तर मी तिथंच मेलो असतो. फळी लावली नसती."

"तू नव्हतास तिथं."

"बरं झालं नव्हतो. बघवलं नसतं."

"पुरे," लिब्राडा म्हणाली. "त्याचा पाद्रिनो आहे तो. रविवारी चर्चमधून निघाल्यावर हात मिळवतील दोघं. तुम्ही दोघं जेवा आता."

ओनोफ्रे जेवला. देल्फिनोने घेवड्याची वाटी पुढे सरकवली, मागे घेतली, आणि तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्याने दिवसभर मिरचीत खुरपणी केली. उजव्या बाजूने हाक मारली तर त्याला कळत नव्हतं. रस्त्याने जाणारी पोरं त्याला बघून पाटाच्या काठावर रांगून दाखवत होती. ती आवाज न करता रांगत होती, तरी त्याला दिसत होतं. उन्हं कलल्यावर तो घरात आला, वारलेल्या बापाची बंदूक खुंटीवरून काढली आणि काडतुसं भरू लागला. तसली बंदूक आमच्या दरीत घराघरात आहे: एक गोळी उडाली की खालचा खटका पुढे ढकलून मागे घ्यायचा, मग रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि नवं काडतूस नळीत चढतं.

"कुठं?" लिब्राडाने विचारलं.

"ससे. मिरची खातात."

वसंत ऋतूपासून त्या रानात कुणाला ससा दिसला नव्हता. लिब्राडाच्या हातात पीठ होतं. ती म्हणाली, "अंधाराच्या आत ये."

"काय?" त्याने डावा कान वळवला.

"लवकर ये म्हटलं."

तो मान हलवून गेला.

बंदुकीचा आवाज ऐकला तेव्हा ओनोफ्रे वरच्या तुकड्यात होता. एकच बार, आणि जरा दबलेला, जणू कुणी गोधडीखाली मारला. त्याला वाटलं ससा मिळाला असेल. मग त्याला आठवलं की या वेळी कासिमिरो वरच्या दाराची फळी बघायला येतो. तो पळत सुटला.

दाराशेजारी जुना सेदारच्या लाकडाचा खांब आहे आणि खांबापासून काटेरी तार सुरू होते. मधल्या फटीतून माणूस अंग चोरून पलीकडे जातो. पलीकडे झुडपं आहेत आणि झुडपांतून पाटाचा काठ दिसतो. त्या फटीत देल्फिनो उभ्याउभ्या अडकला होता. पाठ खांबाला टेकलेली, सदरा तारेत गुंतलेला, मान छातीवर. पायाशी रक्त मातीत मुरत होतं. बंदूक तारेच्या अलीकडे गवतात पडली होती.

ओनोफ्रेने पाटाकडे पाहिलं. काठावरून कासिमिरो येत होता. खांद्यावर फावडं, मागे घोडा, घोड्याच्या खोगिराला बंदुकीचं चामडी म्यान.

भाऊ दबा धरायला आला होता हे ओनोफ्रेला बंदूक बघताच कळलं. ते दुसऱ्या कुणाला कळू नये एवढंच त्या क्षणी त्याच्या डोक्यात आलं. त्याने बंदूक पायाने दाट गवतात ढकलली. मग त्याने सदरा फाडून भावाला सोडवलं, आणि सोडवताना हात पाठीवर गेला. खांद्याच्या पात्याजवळ लहानसं, गोल भोक होतं. बोटाचं टोक बसेल एवढं. पुढे छातीच्या मधोमध मात्र सगळं फाटलं होतं.

दरीत सगळे शिकार करतात. गोळी जिथून शिरते तिथं भोक लहान असतं आणि जिथून बाहेर पडते तिथं मोठं, हे शाळेत जायच्या आधी पोराला कळतं.

"काय झालं?" कासिमिरो ओरडला. "आवाज ऐकून आलो मी."

भावाला खांद्यावर टाकून ओनोफ्रे घरी चालत गेला.

मेलेल्याला घरच्या बायका धुतात. लिब्राडाने शेजारणींना दाराशीच थांबवलं. तिने चुलीवर पाणी तापवलं, त्यात रोझमेरीच्या काड्या टाकल्या, आणि देल्फिनोला टेबलावर निजवून सदरा कात्रीने कापून काढला. तो लगेच चुलीत घातला. रक्ताळलेला कपडा आमच्याकडे घरात ठेवत नाहीत.

छातीवरचं भोक चांदणीसारखं पाच बाजूंनी चिरलेलं होतं. कडा काळ्या होत्या. तिने पुसलं, काळं निघालं नाही. साबण लावला, मग चुलीतली राख घेऊन चोळलं. पाणी काळं झालं. तिने ते ओतून दुसरं घेतलं. तेही काळं झालं. त्या माणसाने याच अंगाला चिखलात लोळवलं होतं, तो चिखल गेला पाहिजे, असं ती घासताना पुटपुटत होती. चौथ्या भांड्याला पाणी स्वच्छ राहिलं.

मग तिने सुई घेतली. लोकरीच्या चादरींवर भरतकाम करून लिब्राडाने दोन पोरं वाढवली होती. तिची शिवण बघायला सांता फे शहराहून माणसं येत. उघड्या छातीने पोराला मातीत घालणं तिच्याच्याने झालं नाही. पांढऱ्या रेशमाने तिने चांदणीची एकेक पाकळी दुसरीला जोडली, टाके आतल्या बाजूने घेत. संपलं तेव्हा छातीवर पाच बारीक रेघा उरल्या. वर तिने बापाचा कोट चढवला आणि गुंड्या लावल्या.

ओनोफ्रे ते बघायला थांबला नव्हता. दोन चुलतभावांना घेऊन तो निघाला, वाटेत गवतातली बंदूक उचलली आणि तडक कासिमिरोच्या अंगणात शिरला.

कासिमिरो हातपाय धुऊन बसला होता, टोपी गुडघ्यावर. कोमाद्रेकडे जावं की न जावं हे तो बायकोला, एदुविहेनला, विचारत होता. ओनोफ्रेला बघून तो उठला.

"पाठीत मारलंस?"

"मी मारलं नाही."

"काल तोंडावर मारलंस तेव्हा लाज नव्हती. आज पाठ लागली?"

"ओनोफ्रे, म्यानातली बंदूक बघ. नळी हुंगून बघ."

"पुसायला तुला कितीसा वेळ लागतो."

ओनोफ्रेने बंदुकीचा घोडा चढवला, नळी त्याच्या पोटावर टेकवली आणि चाप ओढला.

टक.

बंदूक उडाली नाही. एदुविहेन मधे पडली, तिला चुलतभावाने केसांना धरून बाजूला फेकलं. ओनोफ्रेने बंदूक नळीकडून धरली आणि दस्ता कासिमिरोच्या जबड्यावर मारला. हाड मोडलं ते अंगणाबाहेर ऐकू गेलं. पडल्यावरही तो मारत राहिला, बरगड्यांवर, हातांवर, जिथं मिळेल तिथं. दुसरा चुलतभाऊ गोठ्यात गेला आणि नांगराच्या खेचराच्या मागच्या पायाची शीर त्याने कापली. ते जनावर बसून ओरडत राहिलं. कासिमिरो ओरडत नव्हता. त्याच्या तोंडात दात आणि रक्त इतकं होतं की आवाजाला वाट नव्हती.

पोर्फिरियो धावत आला. त्याचं दुकान होतं, आणि निवडणुकीने तो गावचा न्यायाधीशही होता. बायबलशेजारी कायद्याचं एक पुस्तक ठेवी. चार माणसांनी ओनोफ्रेला धरलं, बंदूक हिसकावली आणि कुणीतरी ती मोंतोयांच्या घरी नेऊन खुंटीला लावली. कासिमिरोला उचलून दुकानामागच्या धान्याच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कुलूप लावलं. कोंडायला की वाचवायला, ते कुणी विचारलं नाही.

"तुझ्या बापाने तुझी बंदूक अडवली आज," पोर्फिरियो म्हणाला. "वरून. समजलं?"

"काडतूस दमट असेल," ओनोफ्रे म्हणाला. "उद्या माती होऊ दे, काका. मग तुमचं कुलूप किती टिकतं ते बघतो."

सकाळी पोर्फिरियोने सहा पंच नेमले आणि तालुक्याहून डॉक्टर लुहानला बोलावलं. कायदा तसा होता. डॉक्टर दुपारी आला, गाडीभर धूळ घेऊन. कोरडा, ठेंगणा माणूस. युद्धात इटलीत सैनिकांना शिवण्यात त्याची तीन वर्षं गेली होती आणि तो एका पायाने किंचित लंगडे. खोलीत उकाडा होता. मेणबत्त्या वाकल्या होत्या. वास यायला लागला होता आणि तो कुणी बोलून दाखवत नव्हतं.

पंचांनी देह कुशीवर वळवला. डॉक्टरने भिंगातून पाठीवरचं भोक पाहिलं.

"गोल," तो म्हणाला. "भोवती कातडी खरवडलेली."

"म्हणजे तिथून शिरली," ओनोफ्रे म्हणाला.

"बहुतेक वेळा तसंच असतं."

पोर्फिरियोने पेन उचललं. डॉक्टरने देह सरळ केला, कोटाच्या गुंड्या काढल्या आणि थांबला.

"हे कुणी शिवलं?"

"मी," लिब्राडा म्हणाली. ती भिंतीशी खुर्चीवर बसली होती, काळी शाल डोक्यावरून.

"बाई, माझ्या हाताखाली असा टाका घालणारा एकही नव्हता." तो वाकला. "पण पाच रेघा का?"

"फाटलंच तसं होतं."

"चांदणीसारखं?"

"हो."

"ऐन हाडावर," डॉक्टर स्वतःशी म्हणाला. त्याने पिशवीतून कात्री काढली. "मला हे उघडावं लागेल."

ओनोफ्रे टेबलाच्या आड आला. "हात लावायचा नाही."

"ऐक माझं. गोळीसोबत नळीतून वारा निघतो, गरम, जोराचा. बंदूक लांब असेल तर तो हवेत विरतो. नळी अंगाला टेकली असेल आणि खाली लगेच हाड असेल, तर त्या वाऱ्याला जायला जागा नसते. तो कातडीखाली फुगतो आणि कातडी चांदणीसारखी फाटते. तेव्हा शिरण्याचं भोक मोठं होतं. बाहेर पडणारी गोळीही कधी असंच फाडते. आतून बघितल्याशिवाय मी सांगू शकत नाही."

"आम्ही हरणं मारत आलोय लहानपणापासून."

"हरणाच्या छातीला नळी टेकवून कुणी मारतं का?"

एक पंच खोकला. ओनोफ्रेचं बोट डॉक्टरच्या छातीला लागलं. "माझा भाऊ पाठीत गोळी खाऊन मेला. लिहा आणि जा. तुम्हाला संध्याकाळच्या आत पोचायचं असेल."

"तसं लिहिलं तर त्या खोलीतल्या माणसाला फाशी नाही तर जन्मठेप."

"तिथपर्यंत तो पोचत नाही."

हे सगळ्यांनी ऐकलं. दाराबाहेर एदुविहेन उभी होती, गालावर जखम, तिनेही ऐकलं. ती आत आली नाही. तिने फक्त "कोमाद्रे," अशी हाक मारली, एकदाच, पाणी मागतात तशा आवाजात.

लिब्राडाने तिच्याकडे पाहिलं नाही. "मी त्याला नीट करून ठेवलाय," ती डॉक्टरला म्हणाली. "परत फाडू देणार नाही. त्या माणसाचं काय व्हायचं ते होऊ दे. त्याने माझ्या पोराला चिखल चारला."

डॉक्टरने कात्री खाली ठेवली आणि देहापाशी स्टूल ओढून बसला. त्याला घाई नाही असं दिसत होतं. "धुतलं तुम्हीच?"

"मीच."

"पाणी कसं निघालं?"

"काळं. चिखलाचं. राखेने घासलं तेव्हा गेलं."

"चिखलाचं," डॉक्टर म्हणाला. त्याने पाय वर घेऊन बुटाचा तळवा बघितला. अंगणातून येताना लागलेली माती त्यावर होती, लाल.

लिब्राडाने तो बूट बघितला. मग मांडीवरचे हात उलटे केले. चाळीस वर्षं तिने या मातीतले सदरे, विजारी, चादरी धुतल्या होत्या. एकाही भांड्यातलं पाणी कधी काळं निघालं नव्हतं. नखांच्या कडेला मात्र अजून काळं होतं, दोनदा हात धुऊनही.

ती उठली. टोपलीतून भरतकामाची छोटी कात्री घेतली.

"आई," ओनोफ्रे म्हणाला.

"सरक."

"आई, मी सांगतो ना पाठीतून..."

"तुला सरक म्हटलं."

पहिला टाका तिने कापला तेव्हा तिचे ओठ हलत होते. एकेक टाका ती सुईच्या टोकाने उचलायची, कापायची आणि रेशीम बोटाला गुंडाळायची, वाया जाऊ नये म्हणून. पाचही रेघा सुटल्या. डॉक्टरने चिमट्याने पाकळी उलटली.

आतली बाजू काळी होती. काजळीसारखी, छातीच्या हाडाला घट्ट बसलेली. तिथं ना साबण पोचला होता ना राख.

"हा धूर आहे," डॉक्टर म्हणाला. "नळी अंगाला टेकली की सगळा आत जातो. पाठीतून आलेली गोळी हा आणू शकत नाही." त्याने ओनोफ्रेचा हात धरला आणि बोट हाडातल्या भोकावर नेलं. "चाचप. भिऊ नको. फळीत खिळा ठोकला की ढलपी कुठल्या बाजूला निघते?"

"पलीकडच्या."

"इथं बाहेरून गुळगुळीत आहे. आता बोट आत घाल आणि मागची कड बघ."

ओनोफ्रेने बोट घातलं. त्याचा चेहरा हळूहळू बदलला. "मागे फुटलंय. मोठं."

"गोळी पुढून मागे गेली. आणि मघाशी तूच सांगितलंस, तो खांबाला टेकून अडकला होता. पाठीला खांब, म्हणून बाहेर पडताना कातडीला फाटायला जागाच मिळाली नाही. ती लाकडावर दबली, खरवडली. भोक लहान राहिलं. गोळी त्या खांबातच असेल. आता एवढंच सांगा, त्याच्याजवळ बंदूक होती का?"

"नव्हती," ओनोफ्रे म्हणाला.

"होती," लिब्राडा म्हणाली. "माझ्यासमोर भरली त्याने. ससे मारायला म्हणाला. मला ठाऊक होतं ससे नाहीत." ती खुंटीकडे बघत होती. "आणि काल ती या खुंटीवर परत आली. मी विचारलं नाही."

पोर्फिरियो उठला, बंदूक खुंटीवरून काढली आणि ओनोफ्रेपुढे धरली.

"काल ही टक करून थांबली," तो म्हणाला. "मी म्हटलं वरून कुणीतरी अडवली. उघड."

ओनोफ्रेने बंदूक घेतली. त्याला खटका ओढायचा नव्हता, हे त्याच्या खांद्यांवरून दिसत होतं. त्याने ओढला.

पितळेची रिकामी पुंगळी उडून फरशीवर पडली, उसळली, आणि घरंगळत टेबलाखाली देल्फिनोच्या बुटांपाशी गेली.

"ही त्याच बाराची. फटीतून गेला असेल," डॉक्टर हळू म्हणाला, "आणि मागून बंदूक नळीला धरून ओढली असेल. बंदुकीचा घोडा तारेत अडकून सुटला. असे मी बरेच पाहिलेत."

ओनोफ्रेच्या बोटावर काळं लागलं होतं. ते त्याने विजारीला पुसलं, परत बघितलं, परत पुसलं.

"रांगत गेलास म्हणालो मी त्याला," तो म्हणाला.

लिब्राडाने बोटाचं रेशीम सोडवून सुईत ओवलं. पंच बाहेर गेले. तिने पुन्हा शिवायला घेतलं, पहिल्यासारखंच, टाके आतल्या बाजूने. शेवटची गाठ मारून तिने दोरा दातांनी तोडला. मग डोकं वर न करता ती म्हणाली, "जा. याच्या पाद्रिनोला घेऊन ये."

"तो येणार नाही."

"याला बाप्तिस्म्याच्या पाण्याला त्याने नेलं, मातीलाही तोच देईल. तुझ्या हाताने कुलूप काढ, आणि फावडं तुझ्या हाताने दे."

उन्हं उतरायच्या आत दफन केलं. कासिमिरो दोन माणसांच्या आधाराने आला. जबडा फडक्याने डोक्याला बांधलेला, एक डोळा मिटलेला, चेहरा ओळखू येत नव्हता. ओनोफ्रेने त्याच्यापुढे फावडं धरलं. पाटावरचंच होतं ते, त्याच्या घरून आणलेलं. कासिमिरोने डाव्या हाताने घेतलं, कारण उजव्याची बोटं मोडली होती. तोंड उघडता येत नसल्याने त्याला काही बोलता आलं नाही. बोलता आलं असतं तर काय बोलला असता, कोण जाणे.

पेटी खाली गेली तेव्हा एक दोरी तिच्या कोपऱ्याखाली अडकली. ओनोफ्रे खड्ड्यात उतरला. दोरी सोडवायला त्याला गुडघ्यांवर यावं लागलं, मान खाली, पाठ वर. कासिमिरो खड्ड्याच्या काठावर त्याच्या बरोबर डोक्यावर उभा होता, हातात फावडं. चुलतभाऊ पुढे सरकले. लिब्राडाने हात आडवा करून त्यांना थांबवलं.

दोरी लवकर सुटली. तरी ओनोफ्रे उठला नाही. मान खाली घालून तसाच गुडघ्यांवर राहिला.

कासिमिरो बराच वेळ त्या मानेकडे बघत होता. मग त्याने फावड्यात थोडी माती घेतली आणि ती पेटीच्या पायथ्याशी, ओनोफ्रेच्या अंगावर पडणार नाही अशी, टाकली. लाल माती.